वाघमारेबाईंनी केलेली किंमत

वाघमारेबाईंचा टाइपरायटर खडखडत असला की आमच्या ऑफिसात सगळं आलबेल असे. तो मध्येच थांबला की सर्व्हेअर मंडळी हातातला चहा टेबलावर ठेवत आणि माना वळवून तिकडे बघत. बाई काही बोलत नसत. चष्मा कपाळावर चढवून मशीनमधल्या कागदाकडे नुसत्या बघत बसत. मग ज्याचा रिपोर्ट असेल तो बिचारा स्वतःच उठून त्यांच्या टेबलाशी जाई.

"काय झालं, बाई?"

"काही नाही, साहेब. ही कुर्ल्याची टॅक्सी ना? मागच्या पावसाळ्यात पाण्यात गेली होती, तेव्हा आपणच तिला नवा रेडिएटर दिला. आता धडक बसली, तर तुम्ही रेडिएटर बारा वर्षं जुना लिहिलाय. एका वर्षात बारा वर्षं कशी गेली हो त्याची?"

साहेब मुकाट्याने कागद काढून घेत आणि नवा रिपोर्ट लिहून आणत. बाई तो टाइप करत आणि ऑफिस पुन्हा सुरळीत होई.

मी एका विमा कंपनीच्या घाटकोपरच्या ऑफिसात ज्युनिअर क्लार्क म्हणून लागले तेव्हा बाईंना तिथे वीसेक वर्षं झाली होती. आमचा विभाग मोटारींचा. कुणाची गाडी ठोकली, जळली, बुडाली, की सर्व्हेअर जाऊन ती बघणार, काय मोडलं आणि अपघाताआधी गाडीची किंमत काय होती ते हाताने लिहून आणणार, आणि बाई ते इंग्रजीत नीट टाइप करणार. बाईंना गाडी चालवता येत नव्हती. चेंबूरच्या वसाहतीतल्या त्यांच्या घरी सायकलसुद्धा नव्हती. पण त्या म्हणत, "चालत्या गाड्या कुणीही बघतं गं. मी मेलेल्या गाड्या बघितल्यात, त्याही हजारो. गाडी कशाने मरते हे कळलं की ती किती जगेल हे आपोआप कळतं."

बाई ठेंगण्या, काळ्यासावळ्या, अंगाने भरलेल्या. साडी सुती, इस्त्रीची, आणि पदर खांद्यावर पिनेने असा टाचलेला की वादळातही हलू नये. गाव सातारा जिल्ह्यातलं. वडील गोदीत ओझी उचलायचे. मॅट्रिक होऊन टायपिंगच्या दोन्ही परीक्षा दिलेली त्यांच्या गल्लीतली ही पहिली मुलगी. डब्यात ज्वारीची भाकरी आणि खर्डा. तो खर्डा खाऊन माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि बाई खूश व्हायच्या. म्हणायच्या, "रड रड. सर्व्हेअरांना रडवायच्या आधी स्वतः रडायची सवय असावी."

त्यांची एक रीत मला फार उशिरा कळली. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी 'डिफरन्शियल' हा शब्द शेकडो वेळा टाइप केला आणि ते काय असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्याची त्यांना लाज वाटली. मग एका शनिवारी अर्ध्या दिवसाचं ऑफिस सुटल्यावर त्या कुर्ल्याच्या जुन्या स्पेअर पार्टच्या बाजारात गेल्या आणि पहिल्याच दुकानदाराला म्हणाल्या, "भाऊ, मला डिफरन्शियल दाखवा. घ्यायचं नाही, बघायचंय." दुकानदार हसला. पण त्याने दाखवलं, मागच्या दोन चाकांच्या मधली ती दातेरी चक्रांची पेटी खोलून दाखवली. तेव्हापासून त्या दर शनिवारी जात. ज्या वस्तूचं नाव त्या आठवड्यात टाइप केलं असेल ती हातात घेऊन बघायची, नवी केवढ्याला आणि जुनी केवढ्याला ते विचारायचं, आणि परत यायचं. दहा वर्षं हे चाललं. पुढे पुढे दुकानदारच त्यांना भाव विचारू लागले.

सर्व्हेअर सगळे पुरुष, सगळे डिप्लोमावाले. त्यांच्यात कर्णिक साहेब सर्वांत ज्येष्ठ आणि सर्वांत तिखट. सुरुवातीला ते म्हणत, "टायपिस्टने टाइप करावं." मी लागले तोवर मात्र त्यांच्या हस्तलिखितात बाजारभावाच्या जागी नुसती रेघ असे. कागद बाईंपुढे सरकवताना ते खिडकीबाहेर बघत म्हणत, "तेवढं कलम तुम्ही भरून टाका." बाई भरत. कर्णिक सही करत. हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं आणि कुणीही कधी मोठ्याने बोलत नसे. मला याचा राग यायचा. बाईंना नाही यायचा, किंवा आला तरी त्या दाखवत नसत. एकदा मी फणफणले तेव्हा म्हणाल्या, "आकडा बरोबर गेला ना? मग झालं. चुकीच्या आकड्याखाली माझी सही असती तर तुला चाललं असतं का?"

आता आमच्या आप्पांच्या गाडीबद्दल सांगायला हवं.

आप्पा म्हणजे माझे वडील. मालवणहून सोळाव्या वर्षी आले, दुसऱ्यांच्या गॅरेजांत हात काळे केले आणि मग मुलुंडला चेकनाक्याच्या अलीकडे स्वतःचं पत्र्याचं गॅरेज टाकलं. चौसष्ट सालच्या सुमारास एका कारखान्याचा इंग्रज मॅनेजर मायदेशी परत निघाला. त्याच्याकडे दोन माणसांची, उघड्या छपराची, लांब नाकाची एक स्पोर्ट्स कार होती, गडद हिरव्या रंगाची. इंजिन जाम होऊन ती वर्षभर उभी होती. आप्पांनी ती जवळजवळ लोखंडाच्या भावात घेतली. आईने तेव्हा दोन दिवस अबोला धरला होता म्हणे. चार मुलांच्या घरात दोन सीटची गाडी!

पुढची बावीस वर्षं आप्पा त्या गाडीवर काम करत राहिले. गिऱ्हाइकांची कामं संपली की हिच्याखाली शिरायचे. विलायती पार्ट मिळणं अशक्य, मिळाला तर परवडणं अशक्य. म्हणून पिस्टन टॅक्सीचे घेऊन घासून बसवले. पाण्याचा पंप स्वतः ओतवून घेतला. पुढचा लाकडी डॅशबोर्ड वाळवीने खाल्ला होता, तर गावाहून फणसाची फळी आणून नवा केला. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालून नाक्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. आम्हा भावंडांचे नंबर लागायचे, एका वेळी एकच. माझा नंबर आला की मी मान इतकी ताठ ठेवायची की घरी आल्यावर ती दुखायची.

शहाऐंशी साली दोन गोष्टी एकदम झाल्या. आप्पांना काचबिंदू निघाला, आणि गॅरेजच्या जागेच्या मालकाने तिथे इमारत बांधायचं ठरवलं. दिवाळीपर्यंत जागा खाली करायची होती. गाडी ठेवणार कुठे? ती विकावी लागणार हे आप्पांनी स्वतःच सांगितलं, आणि त्याच दमात किंमतही सांगितली.

"एक लाख. एक पैसो कमी नाय."

नाक्यावरचा दलाल येऊन बघून गेला आणि आठ हजार म्हणाला, तेही टायर चांगले आहेत म्हणून. आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. पैशांपेक्षा त्यांना दुसरंच लागलं होतं. बावीस वर्षं आपण काय केलं त्याची किंमत त्या माणसाने आठ हजार केली, असं त्यांनी घेतलं होतं. अंधेरीच्या एका शेठना जुन्या गाड्यांचा शौक आहे, ते येतील असं कुणीतरी कळवलं. पण त्यांना सांगायचं काय? लाख म्हटलं तर ते हसून निघून जातील, आणि दलालाचा आकडा तर आप्पांच्या जिवावरच येणार. मी डबा खाताना बाईंपुढे सगळं ओकले.

"मी सर्व्हेअर नाही गं," बाई म्हणाल्या. "माझ्या सहीला काही अर्थ नाही."

"मला सही नको, बाई. आकडा पाहिजे."

त्यांनी भाकरीचा घास तसाच धरून ठेवला. मग म्हणाल्या, "रविवारी येते. पण एक सांगते, आप्पांना आवडेल असा आकडा पाहिजे असेल तर मला बोलावू नकोस."

बाई येणार म्हणून मी आणि माझ्या भावाने जे केलं ते आठवून मला अजून कानकोंडं व्हायला होतं. घरात मुलगी दाखवायचा कार्यक्रम असावा तशी आम्ही गाडी नटवली. तिच्या मूळच्या कातडी सीट भेगाळल्या होत्या. त्या मुळापासून उखडून काढल्या आणि टॅक्सीवाले बसवतात तसल्या मरून रंगाच्या रेक्झीनच्या नव्याकोऱ्या सीट बसवून घेतल्या, कडेला पांढरी गोट! आप्पांना धड दिसत नव्हतं, आणि आम्ही त्यांना सांगितलंही नाही. आम्हाला वाटलं, दहा हजार तरी वाढतील.

बाई आल्या. सीटकडे बघून त्या जागच्या जागी थांबल्या आणि चष्मा कपाळावर गेला. मी काय ते ओळखलं.

"जुन्या सीट कुठायत?"

"भंगारवाल्याला दिल्या."

"वाट लावलीस गं, पोरी," बाई म्हणाल्या. "अगं, ही गाडी कुणी बसायला घेणार नाही. जशी होती तशी राहिली म्हणून घेणार. तिचं म्हातारपण हीच तिची किंमत, आणि तू ते भंगारात घातलंस. जा, आत्ताच्या आत्ता जा. मी इथेच बसते."

आम्ही भांडुपपर्यंत धावलो. भंगारवाल्याने एक सीट दुकानाबाहेर मांडून तिच्यावर स्वतःच बैठक मारली होती. दुसरी तराजूच्या मागे पडली होती. चौपट पैसे मोजून त्या परत आणल्या. त्याने वर विचारलं, "क्यों, नई वाली आवाज करती है क्या?" दुपारी त्या फाटक्या सीट गाडीत परत बसल्या तेव्हा बाईंनी पर्स उघडली आणि कामाला सुरुवात केली.

पर्समधून निघाली एक बॅटरी, एक वही आणि रुमालात गुंडाळलेलं एक लोहचुंबक. ते चुंबक मी पहिल्यांदाच पाहत होते. गंजलेला पत्रा झाकायला गॅरेजवाले वर पुट्टी थापतात आणि रंग मारतात. डोळ्याला ते कळत नाही, चुंबकाला कळतं, ते तिथे चिकटत नाही. बाईंनी रुमालासकट चुंबक बोनेटवर ठेवलं. चिकटलं. मडगार्डवर, दारावर, दाराच्या खालच्या कडेला, जिथे गंज हमखास असतो तिथेही चिकटलं. बाईंनी पूर्ण गाडी दोनदा फिरून पाहिली. मग आप्पांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"आप्पा, पुट्टी कुठाय?"

"पुट्टी कित्याक? पत्रो ठोकून सरळ करूक येता ना," आप्पा म्हणाले.

"माझ्या उभ्या जन्मात पुट्टी नसलेली जुनी गाडी मी बघितली नाही," बाई म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. आप्पांची मान थोडी वर झाली. त्यांना वाटलं, लाख पक्के.

मग बाईंनी त्यांच्याशेजारी स्टुलावर बसून विचारलं, "आता हिचे सगळे दोष सांगा."

"दोष?" आप्पा भडकले. "बाईनू, तुमका काय वाटता, मी लपवतंय?"

"नाही. पण तुम्ही ज्याला तुमचं काम म्हणता त्यातलं बरंचसं घेणाऱ्याच्या लेखी दोष आहे. टॅक्सीचे पिस्टन तुमच्या हुशारीचे, पण त्याला विलायतेचे पाहिजेत. तुम्ही सांगा. भाव असा असावा की घेणारा चार वर्षांनी रस्त्यात दिसला तर आपल्याला दुसऱ्या फुटपाथवर जावं लागू नये."

आप्पांनी सांगायला सुरुवात केली. आधी कुरकुरत, मग एकेक करून. मागच्या बाजूला चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, तडा गेला होता, तो त्यांनी स्वतः वेल्डिंग करून जोडला होता, हेही सांगितलं. ते कुणालाच दिसलं नसतं. बाई गाडीखाली बॅटरी मारून बघून आल्या. साडीला ग्रीस लागलं, त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. तीन तास त्या गाडीभोवती होत्या. शेवटी चहाचा कप हातात घेऊन म्हणाल्या, "एक्केचाळीस हजार."

आप्पांनी हातातली बशी खाली ठेवली.

"बावीस वर्षां," आप्पा हळूच म्हणाले. "बावीस वर्षां काम केलंय, बाईनू. तेचे काय?"

"ते किमतीत धरता येत नाही, आप्पा. ते धरलं तर ह्या मुंबईत एकही गाडी विकली जाणार नाही. धड अवस्थेतली अशी गाडी पासष्टला जाते. ही तशी करायला घेणाऱ्याला अठ्ठावीस-तीस हजार घालावे लागतील. आणि ह्या पत्र्यासाठी, ह्या सीटसाठी तो पाच-सहा हजार खुशीने जास्त देईल, कारण ते पैसे टाकूनही मिळत नाही. ह्याच्यावर एक रुपया मागितला तर ती फसवणूक, आणि खाली दिली तर तो गाडीचा अपमान."

"तुमी कोणाच्या बाजूच्या?"

"गाडीच्या," बाई म्हणाल्या.

आप्पा उठून घरात गेले. बाईंनी चहा संपवला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि चेंबूरला निघून गेल्या. त्या आठवड्यात मी ऑफिसात त्यांच्याकडे बघायचं टाळलं. खरं सांगायचं तर मलाही त्यांचा राग आला होता. एवढं खरं बोलायची गरज होती का, असं वाटत होतं.

पुढच्या रविवारी त्या न बोलावता आल्या. हातात टाइप केलेले पाच कागद. आप्पा भिंतीकडे तोंड करून बसले होते. बाईंनी परवानगी वगैरे विचारली नाही. "आप्पा, रिपोर्ट इंग्रजीत आहे, मी मराठीत वाचते," म्हणाल्या आणि सुरू झाल्या. किमतीचा हिशेब एका पानावर संपला. उरलेल्या चार पानांवर मथळा होता 'मालकाने स्वहस्ते केलेली कामे'. ओळीने कलमं होती. डाव्या मडगार्डचा पत्रा हाताने ठोकून मूळ आकारात आणला आहे, कोठेही भराव नाही. डॅशबोर्ड फणसाच्या एकसंध फळीचा आहे, सांधा नाही. पाण्याचा पंप स्थानिक ओतकामाचा, गळती नाही. मागील चासीस जोड आहे, वेल्डिंग एकसारखे व खोलवर, पाहणीच्या वेळी मजबूत आढळले. अशी त्रेसष्ट कलमं.

बाई प्रत्येक कलम सारख्याच आवाजात वाचत होत्या, ऑफिसातला रिपोर्ट वाचावा तशा. विसाव्या कलमाच्या आसपास आप्पा वळून बसले. चाळिसाव्याला त्यांनी डोळे पुसले. बावीस वर्षांत त्यांच्या कामाबद्दल कुणी त्रेसष्ट वाक्यं बोललं नव्हतं. मीसुद्धा नाही. मला बाईंबद्दल इतका अभिमान वाटत होता की त्या माझ्या कुणीतरी लागतात हे रस्त्यावर जाऊन ओरडून सांगावं.

वाचून झाल्यावर आप्पांनी विचारलं, "परत वाचशात?"

बाईंनी पहिल्यापासून परत वाचलं.

शेठ दसऱ्यानंतर आले. पांढरा सफारी, हातात गाडीच्या किल्ल्या, आणि बरोबर किंमत बघायला आणलेला सर्व्हेअर. ते होते कर्णिक साहेब! दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन आता खासगी कामं करत होते. बाई माझ्या आग्रहाने आल्या होत्या आणि गॅरेजच्या कोपऱ्यात स्टुलावर बसल्या होत्या. कर्णिकांनी गाडी बघायच्या आधी रिपोर्ट वाचायला घेतला. दुसऱ्या पानावर त्यांनी मान वर केली आणि सगळीकडे नजर फिरवली.

"बाई, तुम्ही?"

"नमस्कार, साहेब."

शेठ म्हणाले, "कर्णिकसाहेब, ये बाई कौन? मला वाटलं, तीसपर्यंत तोडू आपण."

कर्णिक तिखट माणूस. त्यांना हे बोलायला किती जड गेलं असेल ते मी त्यांच्या चेहऱ्यावर बघत होते. पण ते बोलले, आणि मोठ्याने बोलले. "शेठ, पंधरा वर्षं माझ्या रिपोर्टांवर सही माझी असायची. बाजारभावाचा आकडा ह्या बाईंचा असायचा. एकही क्लेम परत आला नाही. त्यांनी एक्केचाळीस लिहिलंय ना, मग त्याच्याखाली एक रुपया मागू नका. मला गाडी बघायची गरज नाही."

बाई साडीच्या निऱ्या नीट करू लागल्या. त्यांना इतकं अवघडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

शेठ धंदेवाला माणूस. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि दुसराच डाव टाकला. "ठीक आहे. एक्केचाळीस कशाला, मी एक्कावन्न देतो. फक्त रिपोर्टमधून ते वेल्डिंगचं आणि टॅक्सीच्या पिस्टनचं कलम काढा. नवीन टाइप करून द्या. उद्या मला गाडी दुसऱ्याला दाखवायची झाली तर ओरिजिनल म्हणता आलं पाहिजे ना."

दहा हजार जास्त. म्हणजे माझा सहा-सात महिन्यांचा पगार. आप्पांच्या डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचं होतं. मी बाईंकडे पाहिलं आणि मनातल्या मनात म्हटलं, बाई, दोन ओळींचा तर प्रश्न आहे.

बाई उठल्या. शेठना उत्तर न देता त्या आप्पांपुढे येऊन उभ्या राहिल्या. "आप्पा, गाडी तुमची आहे, रिपोर्ट माझा. कलम मी काढणार नाही. पण आख्खा रिपोर्ट फाडून टाकायला माझी ना नाही. मग तुम्ही ह्यांना काय सांगाल ते सांगा, केवढ्यालाही द्या. मी एका शब्दाने बोलणार नाही आणि मनातही धरणार नाही."

आप्पांनी हात पुढे करून कागद मागितले. मला वाटलं, फाडणार. त्यांना त्यातलं अक्षरही दिसत नव्हतं. त्यांनी ते मांडीवर ठेवले आणि वरून हात फिरवला.

"शेठ, तो जोड माझो आसा," ते म्हणाले. "मी उताणो झोपून तीन दिस लावलंय तेका. ह्या कागदार माझा काम लिवलला आसा. त्येतला काढूचा नाय आणि फाडूचाय नाय. एकेचाळीस देवचे असले तर द्या."

शेठनी बोनेटवरून एकदा हात फिरवला. मग हसले आणि चेकबुक काढलं. चेक लिहून झाल्यावर म्हणाले, "रिपोर्टखाली कुणाची तरी सही पाहिजे. कर्णिकसाहेब, तुम्ही करा."

"मी नाही," कर्णिक म्हणाले आणि स्वतःचं पेन उघडून बाईंपुढे धरलं. "आता तरी तुम्ही करा, बाई."

बाईंनी सही केली. पंचवीस-सव्वीस वर्षांत हजारो रिपोर्ट टाइप केलेल्या त्या बाईची रिपोर्टखालची ती पहिली सही. 'कमल वाघमारे' असं ठळक लिहून त्यांनी खाली हुद्दा लिहिला, 'टायपिस्ट'. शेठनी कागद घडी करून खिशात घातले. गाडी निघाली तेव्हा आप्पा रस्त्यापर्यंत गेले नाहीत. आवाज येत होता तोवर ऐकत बसले आणि मग म्हणाले, "दुसरो गिअर बरो पडता."

नंतर लोक आप्पांना विचारायचे, गाडी कितीला गेली? आप्पा आकडा सांगत नसत. "वाघमारेबाईनी किंमत केल्यानी," एवढंच म्हणत, आणि त्यात सगळं आलं असा त्यांचा चेहरा असे. नाक्यावरचा तो आठ हजारवाला दलाल तर पुढे आपल्या गाड्या घेऊन बाईंकडे चेंबूरला जायला लागला. बाई त्याला दारातच विचारत, "खरं बोलायला आलायस की भाव काढायला?"

अठ्ठ्याऐंशी साली बाई निवृत्त झाल्या. बाई आता नाहीत, त्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली, पण मला त्या आठवतात त्या निरोप समारंभातल्या. ऑफिसच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या, बाईंच्या गळ्यात हार, समोर समोसा आणि वेफर्स. आप्पांनी यायचा हट्ट धरला. ऑपरेशन होऊनही तोवर त्यांना जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. मी त्यांना हाताला धरून आणलं. मॅनेजर बोलले, कर्णिक बोलले. कुणाला काही सांगायचंय का, असं विचारल्यावर आप्पा उभे राहिले. आयुष्यात चार माणसांसमोर कधी न बोललेला माणूस. मी त्यांचा सदरा खाली ओढत होते.

"मी लाख मागितलेलंय," आप्पा म्हणाले. "बाईनी एकेचाळीस सांगितल्यानी. तेवा राग इलो माका. पण आज कोणय लाख रुपये घेऊन इलो ना, तरी मी तेका एकेचाळीसच सांगतलंय."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मीही डोळे पुसत टाळ्या वाजवत होते. तेवढ्यात बाईंनी हात वर केला, सगळे गप्प झाले आणि त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"खाली बसा, आप्पा, चुकलात," त्या म्हणाल्या. "त्याला दोन वर्षं झाली. आता ती पन्नासच्या खाली सोडायची नाही."